बोडीची बोरी

"हात धुऊन ये आधी."

मच्छीमार संस्थेच्या ऑफिसात, भरल्या लोकांसमोर, सेक्रेटरी बाबूजी मले असं म्हणाले. अकरा वर्षांपासून मी त्याच ऑफिसात कॉम्प्युटर चालवून राहिली होती. तोच कॉम्प्युटर, तीच खुर्ची. त्या खुर्चीचा फोम माझ्याच बसण्यानं चपटा झाला. आणि त्या दिवशी त्या कॉम्प्युटरवर नवी विंडो मारली, म्हणून माझे हात एकाएकी खराब झाले.

आमच्याकडं नवी सिस्टीम टाकली असं कोणी म्हणत नाही. विंडो मारली म्हणतात. बाबूजीचे जवाई नागपूरले कॉम्प्युटरचं दुकान चालवतात, त्याइनं मारली. जवाई म्हणजे साऱ्या गावाचा जवाई. त्याले चहा, त्याले पोहे, त्याच्यासाठी पंखा सरकवून दे. त्याच्यापुढं बोलायचं नाही. तो माझ्या खुर्चीवर बसला होता आणि मी आपल्या सवयीनं कीबोर्डकडं हात नेला. तेवढ्यात बाबूजी बोलले.

"नवीन मशीन आहे. वास लागते."

मी गेली. हेच सांगायचं आहे मले. मी गेली. हापशीवर गेली, खिडकीत ठेवलेली साबणाची वडी घेतली, हात घासले. दोनदा घासले. त्या दिवशी मी मच्छीले हातही लावला नव्हता. सकाळी भात मांडून आली होती घरून. तरी घासले. आणि हात पुसत परत येताना मले माझीच लाज वाटली. बाबूजीची नाही वाटली, माझी वाटली.

आमचं गाव केशोरीच्या बाजूले. गावाच्या खालच्या अंगाले ढिवरटोला. आम्ही ढिवर. तलाव आमचं शेत. माझी माय आजही जाळं घेऊन पाण्यात उतरते आणि केशोरीच्या बाजारात पाटी घेऊन बसते. संस्था आमची, सभासद सारे आमचे. सेक्रेटरी मात्र मालगुजाराच्या, जुन्या जमीनदाराच्या, घरचे. काऊन? तं त्याइले कागद समजते. असं आमच्या बापाइनं मानून घेतलं आणि आम्ही ते पुढं चालवलं. संस्थेले कोणी बाबूजीची संस्था म्हटलं तरी टोल्यात कोणाले खटकत नव्हतं.

साबण काही मले नवा नव्हता. आठवीत असताना शाळेत कॉम्प्युटर आले. चार कॉम्प्युटर, वर फुलाफुलाचं कापड झाकलेलं. गुरुजींनी दारात उभं राहून पोराइचे हात पाहिले. बाकीच्याइचे पाहिले. ढिवरटोल्याच्या आम्हा तिघींचे हुंगले. खरंच हुंगले, नाक लावून. मग म्हणाले, "तुम्ही खिडकीतून पाहा." मी वर्गात पहिली होती. पहिली आलेली पोरगी वर्षभर गजाले तोंड लावून कॉम्प्युटर पाहून राहिली. पुढं इंग्रजीत विंडो म्हणजे खिडकी हे शिकली तवा मले हसू नाही आलं.

बारावीनंतर अर्जुनीले टायपिंग शिकली. मराठी टायपिंग. तवा मराठी लिहायचं म्हणजे एक वेगळा फॉन्ट लागे. तो फॉन्ट मशीनमधी असला तं अक्षर मराठी दिसते. नसला तं त्याच फाईलीत नुसती इंग्रजी अक्षरं न् कंस न् आडव्यातिडव्या खुणा, सारा कचरा. आतलं लिखाण शाबूत राहते, फक्त दिसत नाही. परक्या मशीनवर दोनदा तोंडघशी पडली, तवापासून तो फॉन्ट मी एका पेनड्राईव्हमधी घेऊन फिरते. लाल दोऱ्यानं बांधून पर्समधी ठेवते.

त्याच फॉन्टमधी मी संस्थेचं सारं लिहिलं. सभासदांची नावं, ठराव, तलावांच्या हद्दी. माझा आजा, मायचा बाप, जिवंत होता तवा त्याले बाजूले बसवून मी हद्दी टाईप केल्या. तो सांगे, मी बडवे. कोणत्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या काठावर, मोहाचं झाड आहे, कोणत्या बाजूले कोणाचा बांध. आमच्या टोल्याले लागून एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहान तळं, आमच्याकडं हाच शब्द. मोठ्या तलावात होडी न् मोठं जाळं लागते, ते माणसाइचं काम. बोडी बायाइची. गुडघाभर पाण्यात उतरायचं, झिंगे न् बोटऱ्या, अशी बारकी मच्छी धरायची, थंडीत शिंगाडा काढायचा. टोल्यातल्या विधवा, म्हाताऱ्या, नवऱ्यानं टाकलेल्या, साऱ्या त्या बोडीवर पोट भरतात. आज्यानं बोडीच्या चारी हद्दी सांगितल्या, गट नंबरासकट, आणि म्हणाला, "हे नीट लिव. हे गेलं तं बाया कुठं जातीन?"

मी नीट लिहिलं.

नव्या विंडोच्या मी विरोधात नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही म्हणाल, खेड्यातली बाई, नव्याले भ्याली. जुन्या सिस्टीमच्या स्क्रीनवर रोज पाटी येऊन राहिली होती, ही आता बंद होणार, नवी टाका. सरकारी साईट उघडत नव्हती. आणि तलावांच्या ठेक्याचं नूतनीकरण तं ऑनलाईनच करायचं होतं. विंडो मारायची का नाही, यावर संस्थेत दोन बैठका झाल्या. आमचे बुधाकाका, संस्थेचे सर्वात जुने सभासद, म्हणाले, "चालून राहिलं न? मग कायले खाजवता?" मीच त्याइले समजावलं. म्हटलं, काका, मारावीच लागन. फक्त आधी फॉन्ट काढून ठेवू.

तो दिवस आला आणि मी हात धुवायले गेली. परत आली तवर जवाईबापूनं मशीन कोरी करून टाकली होती. फाईली दुसऱ्या ड्राईव्हमधी होत्या म्हणून वाचल्या. त्यानं एक उघडली. सारा कचरा.

"करप्ट आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, "करप्ट नाही. फॉन्ट नाही. माह्याजवळ आहे." आणि पर्समधून पेनड्राईव्ह काढला.

"अरे, बाहेरचा पेनड्राईव्ह मत लगाओ! व्हायरस येईल." मग बाबूजीकडं पाहून हसला. "मॅडम भी आउटडेटेड, फॉन्ट भी आउटडेटेड."

सारे हसले. बाबूजी हसले. आमचेही हसले, टोल्यातले. जवाई बोलला न, हसावं लागते. मी पेनड्राईव्ह परत पर्समधी टाकला. हाताले वास, पेनड्राईव्हले व्हायरस. आमचं सारंच बाहेरचं.

मग त्यानं मागच्या वेळच्या अर्जाचा प्रिंट मागितला. त्यात तलावांची नुसती नावं होती, हद्दी नव्हत्या. त्यानं मोबाईल तोंडापुढं धरला आणि नावं वाचू लागला. आता टाईप कायले करता, बोला, मशीन लिहिते, म्हणे. मोठ्या तलावाचं नाव नीट आलं. मग तो म्हणाला, "ढिवरटोला बोडी." मोबाईलनं लिहिलं, ढिवरटोला बॉडी. पुन्हा हसू. पुन्हा म्हणाला, पुन्हा बॉडी.

"ये बोडी क्या है? टक्कल?"

मी भिंतीशी उभी होती. म्हटलं, "बोडीच आहे ते. बोडीच लिहा."

"शुद्ध लिहावं लागते, मॅडम. सरकारी काम आहे." आणि त्यानं बोटानं दुरुस्त केलं. बोरी.

मी एकदाच बोलली. दुसऱ्यांदा नाही बोलली. त्यानं अर्ज पाठवून दिला. जवायाची चूक सांगताना मी माझी लपवणार नाही. अकरा वर्षं ज्या बाईनं तो शब्द टाईप केला, ती एकदा बोलून गप बसली.

महिना झाला असन. मायचे गुडघे धरले होते म्हणून सकाळी मीच तिच्यासंग बोडीत उतरली. लुगडं खोचून, कमरेले टोपली बांधून. काठावरून बुधाकाका ओरडले, "पोरी, ऑफिसात कागद आला! बोडी कटली म्हणून राहिले!"

माय पाण्यातच उभी. म्हणाली, "कटली म्हणजे का वो? पाणी तं इथंच आहे."

मी तशीच निघाली. ओली, चिखलानं भरलेली, हाताले खवले. ऑफिसात कागद टेबलावर होता. यादीतला 'बोरी' नावाचा तलाव गावाच्या नोंदीत आढळत नाही, सबब वगळण्यात येत आहे. काही म्हणणं असल्यास सात दिवसांत कळवावं. आणि बाबूजीनं स्वतःच सांगितलं, सहज, पान चघळत, की आता ती बोडी खुल्या लिलावात जाईन.

त्याइनं हे ठरवून केलं का चुकून झालं, मले आजही माहीत नाही. ठरवून केलं असतं तं निदान आम्ही त्याइच्या ध्यानात तं असतो. चुकून झालं असन तं माझा राग दुप्पट आहे. एवढ्या बायाइचं पोट, एवढ्या वर्षांची वहिवाट, आणि ती पुसायले कोणाले वाईटही वागावं लागलं नाही. नुसतं शुद्ध लिहावं लागलं.

म्हटलं, "हरकत टाकावी लागन. आत्ताच टाकते."

"एका बोडीसाठी तमाशा नोको करू," बाबूजी म्हणाले. "मोठा तलाव आहे न तुमचा."

मी खुर्चीकडं गेली. त्याइनं माझ्या हाताकडं पाहिलं. नाक मुरडलं. आणि तेच म्हणाले, त्याच आवाजात.

"आधी हात धुऊन ये."

तळपायाची आग मस्तकात गेली. आठवीतला दरवाजा दिसला, गुरुजीचं नाक दिसलं, महिन्याआधी हापशीवर हात घासणारी मी दिसली. त्या दिवशी हात कोरडे होते तरी धुतले होते. आज खरंच वास येऊन राहिला होता. खरा, ताजा, बोडीचा.

"नाही धुणार."

"काय?"

"नाही धुणार. काऊन धुऊ? मच्छीमार संस्था लिहिलं आहे बाहेर पाटीवर. मच्छीचा वास नाही येणार तं का अत्तराचा येईन? ज्याले सोसत नसन त्यानं बाहेर बसावं."

आणि मी बसली. मशीन सुरू केली तं पासवर्ड. जवायानं टाकलेला.

"पासवर्ड सांगा."

बाबूजी पान चघळत राहिले. तवर दारात माय येऊन उभी झाली होती, ओल्या लुगड्यानं. तिच्यामागं बुधाकाका. त्याच्यामागं बोडीवरच्या बाया, टोपल्या घेऊन तशाच. कोणी घोषणा दिल्या नाही, कोणी शिवी दिली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या आणि ऑफिसभर वास पसरला. बाबूजीनं रुमाल काढला. मग बुधाकाका म्हणाले, "सांगा जी. आमचीच मशीन आहे." आयुष्यात पहिल्यांदा ते त्याइच्यासमोर टोपी न काढता बोलले.

बाबूजीनं पासवर्ड सांगितला. त्याइच्या जवायाचं नाव होतं ते. आमच्या संस्थेच्या कुलपाची किल्ली म्हणजे बाबूजीच्या जवायाचं नाव! मी ते टाईप केलं. माझ्या बोटाले ते नाव अजून आठवते, आणि अजून संताप येते.

पेनड्राईव्ह लावला. फॉन्ट टाकला. एक मिनिटही नाही लागलं. आज्याची फाईल उघडली आणि त्या कचऱ्यातून अक्षरं उभी राहिली. मोह, पाळी, बांध, गट नंबर. काही करप्ट नव्हतं. मी मोठ्यानं वाचलं, बाया ऐकत होत्या. मायनं विचारलं, "हे बाबा बोलून राहिला न?" मी हो म्हटलं आणि पुढची हद्द वाचली.

मग हरकत लिहिली. नव्या सिस्टीमवर, नव्या फॉन्टमधी, सरकारी साईटले चालते तसं. बोडी लिहिलं की त्या मशीननं खाली लाल रेघ ओढली. चूक आहे म्हणे. मी त्या शब्दावर बटण दाबलं, शब्दकोशात जोडा असं आलं, जोडून टाकला. रेघ गेली. मग ढिवरटोला लिहिलं, तिथंही रेघ. तोही जोडला. हद्दीची फाईल नव्या फॉन्टमधी उतरवून संग लावली आणि अर्ज पाठवून दिला. कीबोर्डवर खवले चिकटले होते. मी पुसले नाही.

अजून उत्तर आलं नाही. येईन तवा येईन. लिलाव लागला तं बोली लावणाऱ्याले आधी बोडीत उभ्या असलेल्या बायाइतून जावं लागन, हे आम्ही बैठकीत ठरवलं आणि ठराव मी टाईप केला. दुसरा ठरावही त्याच बैठकीत झाला, यापुढं सेक्रेटरी टोल्यातलाच राहीन. बाबूजी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. मले काही फरक पडत नाही. पासवर्ड मी बदलला. आता तो आज्याचं नाव आहे.

हापशीजवळच्या खिडकीत ती साबणाची वडी अजून आहे. वाळून, चिरा पडून गेली. मी तिले हात लावत नाही आणि कोणाले फेकूही देत नाही. येता-जाता दिसली पाहिजे मले.

आणि ही विंडोही एक दिवस जुनी होईन. पुन्हा पाटी येईन, नवी टाका. टाकू. पण पुढची विंडो मी मारीन. बोडीतून निघून सरळ येईन, खुर्चीवर बसीन, आणि याच हातानं मारीन.