भांडून देणारी मावशी

आमच्या धाकट्या मावशीइतकं देखणं भांडणारी बाई डहाणूपासून विरारपर्यंत दुसरी नव्हती. शिवी नाही, हातवारे नाहीत. ती इतकी संथ बोलायची की समोरचा आधी खाली बसायचा, मग घाम पुसायचा आणि शेवटी स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायचा. ही कला पुष्कळ वर्षं घरात वाया गेली, कारण तारापूरच्या कारखान्यात फिटर असलेले आमचे मावसाजी पहिल्या वाक्यालाच ‘चुकलं माझं’ म्हणून मोकळे व्हायचे.

ऐंशी सालच्या आसपास ते दोघं बोईसरला राहायला गेले. तिथे शेजारणीचं नवंकोरं शिलाई मशीन आठवड्यात बंद पडलं आणि दुकानदार दाद देईना. मावशी तिच्यासोबत गेली, दुकानातल्या स्टुलावर बसली आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या मशीनची हकीकत सांगू लागली. तिसरं गिऱ्हाईक परत फिरताच दुकानदाराने दुसरं मशीन स्वतः टांग्यात ठेवलं. मग कॉलनीत कुणाचा गॅस अडला, पंखा बिघडला, की मावशीला बोलावणं येऊ लागलं. शेवटी तिने सरळ धंदाच सुरू केला. “शिवता येतं ती शिवते. मला भांडता येतं, मी भांडते. त्यात लाजायचं काय हाय?”

‘येथे भांडून मिळेल’ अशी पाटी लावायचं तिने ठरवलं, तेव्हा मावसाजींनी आयुष्यात प्रथमच विरोध केला. तडजोड म्हणून ‘येथे बोलणी करून मिळतील’ असं लिहिलं गेलं. पहिल्याच रविवारी सफाळ्याचं एक कुटुंब मुलीच्या लग्नाची बोलणी करायची म्हणून आलं. मावशीने त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मुलाकडच्यांना स्कूटर हवी होती. तिने नवऱ्या मुलाला एवढंच विचारलं, “तुला चालवता येते?” येत नव्हती. “मग आदी शीक. मग कमव. मग घे.” लग्न स्कूटरशिवाय लागलं आणि पुढे त्याच मुलाकडच्यांनी आपल्या मुलीच्या वेळी मावशीलाच नेलं.

तिचं नाव विरारपर्यंत पोचलं होतं. त्यामुळे आमच्या आजोळी, माकुणसारला, थोरल्या मामाने हक्कसोडीचा, म्हणजे वडिलांच्या वाडीतला हिस्सा सोडून देण्याचा कागद तिच्यापुढे ठेवला, तेव्हा आम्ही सगळे सावरून बसलो. मामा तिच्याकडे न बघता पेनाचं टोपण काढत होता. मावशीने कागद दोनदा वाचला, सही केली आणि मामीला म्हणाली, “चहा टाकतेस ना?”

स्टेशनकडे परतताना मला राहवलं नाही. “मावशी, तू एक शब्दही बोलली नाहीस?”

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, “जिंकले असते रे. पन मग दिवाळीला माहेरी कुनाकडे जाऊ?”

स्टेशनाबाहेर केळीवाल्याने तिच्या पिशवीत दोन काळी पडलेली केळी ढकलली. मावशीने ती पाहिली. मोजून पूर्ण पैसे दिले. पिशवी माझ्या हातात देऊन ती पदराने चेहरा पुसत राहिली.