रऊफचाचांचा कान

रऊफचाचा गाडी कानाने तपासायचे. लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस होता त्यांच्याकडे. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि दुसरा हात वर करायचे. तो हात वर गेला की गॅरेजमध्ये उभे असलेले सगळे ड्रायव्हर गप्प व्हायचे. हायवेवरचे ट्रक काही गप्प व्हायचे नाहीत, पण चाचांना जे ऐकायचं ते ऐकू यायचं. मग डोळे उघडून एकच वाक्य बोलायचे. "तिसरा पिस्टनले खोकला शे." इंजिन उघडलं की तिसऱ्यातच काहीतरी निघायचं.

अक्कलकुव्याच्या बाहेर हायवेला लागून त्यांचं गॅरेज होतं आणि गॅरेजला लागून आमचं घर. माझे मालक ट्रकवर असतात, पंधरा पंधरा दिवस येत नाहीत. मी पडवीत ब्लाऊज शिवते. पडवी आणि गॅरेज यांच्यामध्ये मी जुनी साडी पडद्यासारखी बांधली होती. मला परक्या माणसांसमोर बोलता येत नाही. गिऱ्हाईक बाई आली तरी मी टेपकडे बघून बोलते. चाचांच्या शेजारी सहा वर्षं राहून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. घरात ते आपल्या बोलीत बोलायचे, डोंगरातल्या मोलगीकडच्या लोकांशी भिलीचे दोन-चार शब्द, आणि बाकी सगळ्यांशी अहिराणी.

एक दिवस पडद्यापलीकडून आवाज आला. "सुमनबेन, हाई ब्लाऊजनागत कापी दे." पडद्यावरून एक तेलकट फाटका कागद आणि पुठ्ठ्यासारखा एक कोरा तुकडा आत आला. ते पॅकिंग होतं. इंजिनाचे दोन लोखंडी भाग जोडतात तेव्हा मध्ये तेल-पाणी गळू नये म्हणून ते घालतात. कंपनीवाले गॅस्केट म्हणतात, आमच्या रस्त्यावर सगळे पॅकिंगच म्हणतात. चाचा स्वतः ते करायचे तेव्हा कोरा तुकडा लोखंडावर ठेवून कडेकडेने छोट्या हातोडीने ठोकायचे, म्हणजे कड आपोआप उमटायची. पण त्यांचा हात आता थरथरत होता. मी जुन्यावरून मापून कापलं, भोकं पाडली आणि पडद्यावर टाकलं. चाचांनी ते लोखंडावर ठेवून पाहिलं असावं. थोड्या वेळाने पडद्यावर आणखी दोन कोरे तुकडे आले.

तेव्हापासून ते काम माझं झालं. शिवणकामात एक सवय हाताला लागते. मापाच्या बाहेर जे राहील ते कापायचं, कड साफ ठेवायची. चाचांना माझी कड आवडायची. ड्रायव्हर लोकांना दाखवायचे, म्हणायचे, कंपनीची कड अशी येत नाही.

हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या लोखंडी झाकणाचं, पॅकिंग मात्र घरी होत नाही. ते पोलादाचं, तयारच घ्यावं लागतं. चाचा जुनं काढायचे, मी ते पुसून कापडात शिवायची आणि वर पत्ता लिहायची. नंदुरबारच्या एसटीने ते दुकानात जायचं आणि दुकानदार नमुना बघून तसंच नवं पाठवायचा, जुनंही परत पाठवायचा. पत्ता मी लिहायची कारण चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी चौथी शिकलेली, तेवढ्याने त्या गॅरेजमध्ये मी शहाणी होते.

मग नव्या गाड्या आल्या. त्यांच्यात इंजिन बिघडलं की स्टिअरिंगसमोर पिवळा दिवा लागतो. आमच्याकडच्या ड्रायव्हरांनी त्यावर सोपा उपाय काढला होता. दिव्यावर काळी पट्टी चिकटवायची. सायसिंगभाऊ मोलगीची जीप चालवायचा, त्याने बायकोची टिकली चिकटवली होती, मोठी, लाल. चाचांनी ती नखाने काढली आणि त्याला म्हणाले, "गाडीनं लगीन लावी दिन्हं का रे?"

चाचांच्या जावयाने त्यांना कोड वाचायचं एक छोटं यंत्र आणून दिलं. स्टिअरिंगखाली वायर लावली की त्याच्या काचेवर एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे येत. आकडे मला मोबाईलमुळे येतात, अक्षरं मुलीच्या पुस्तकातून शिकले. चाचा यंत्र पडद्याखालून आत सरकवायचे, मी हळू आवाजात वाचायची. पी असलं तर इंजिनाचं, सी असलं तर चाकाचं नाहीतर ब्रेकचं. चाचांनी उघडल्यावर जे निघायचं ते मी एका वहीत कोडासमोर लिहून ठेवायची. पी शून्य एक एक आठ, पाण्याच्या सेन्सरची वायर उंदराने तोडली. पी शून्य दोन एक सात, इंजिन तापलं, पाणी कमी. पुढच्या वेळी तोच आकडा आला की मी वहीत बघून सांगायची. चाचा यंत्राला मान द्यायचे, पण त्याच्यावर विसंबायचे नाहीत. म्हणायचे, "मशीन सांगस कोठे दुखस. का दुखस, ते आपुनच ईचारनं पडस." आणि पेचकस घेऊन उठायचे.

त्यांचा कान गेलाय हे मला कसं कळलं ते सांगते. आधी पेचकस उजव्या कानाला असायचा, तो डाव्याला आला. मग मी कोड वाचला की ते "फिरीसन सांग" म्हणायला लागले. मी जोरात सांगू शकत नाही, म्हणून पाटीवर मोठा आकडा काढून पडद्याखालून दाखवायला लागले. अक्षर ओळखत नसले तरी आकडे ओळखायचे. एका दुपारी गॅरेजमध्ये कोणी नसताना त्यांनी मला बाहेर बोलावलं. पेचकसाची मूठ माझ्या कानाजवळ धरली आणि म्हणाले, "तू सांग, काय वाजी ऱ्हायनं." मी ऐकलं. इंजिनाच्या आत इतकं सगळं वाजतं हे मला माहीत नव्हतं. टिकटिक, सळसळ, मध्येच ठोका. मी जसं आलं तसं सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, "मन्हा कान गया, बेटी. कोनले सांगू नको."

मी कोणाला सांगणार. पुढे दोन वर्षं असंच चाललं. गिऱ्हाईक चहाला गेलं की मी पडद्याबाहेर येऊन पेचकस कानाला लावायची, चाचांना सांगायची आणि आत जायची. ड्रायव्हर परत आले की चाचा सगळ्यांसमोर पेचकस लावायचे, डोळे मिटायचे, हात वर करायचे आणि मी सांगितलेलं वाक्य आपल्या भाषेत बोलायचे. लोक तसेच गप्प उभे राहायचे.

होळीच्या आधी सायसिंगभाऊची जीप आली. घाटात सारखी तापत होती. कोड तापल्याचाच होता, पण पाणी भरूनही परत यायचा. चाचांनी तेलाचं झाकण काढून मला आतला भाग दाखवला. दुधाचा चहा सांडल्यासारखं पांढरट काहीतरी चिकटलं होतं. पाणी तेलात मिसळत होतं, म्हणजे हेडचं पॅकिंग गेलं होतं. त्यांनी हेड उतरवलं, जुनं पॅकिंग काढून पडद्यावर टाकलं आणि जुम्म्याच्या नमाजाला गेले.

मी ते पुसलं आणि कापडात घातलं. त्याच्या एका कडेला पत्र्याची बोटभर जीभ बाहेर आलेली होती, वाकडी झालेली, तिच्यावर ओळीने तीन बारीक भोकं. शिवताना ती जीभ कापड फाडायची. मी दोनदा शिवलं, दोनदा फाटलं. एसटीची वेळ होत आली होती. इंजिनाची सगळी भोकं आतल्या बाजूला होती, ही जीभ मापाच्या बाहेर होती. मी पत्र्याची कात्री घेतली आणि ती कापून टाकली. कड साफ केली. तुकडा केरात गेला.

दोन दिवसांनी नवं पॅकिंग आलं. चाचांनी नवं जुन्यावर ठेवून पाहिलं, सगळं जुळत होतं. मग जुन्याची कड त्यांनी अंगठ्याने चाचपली. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. मला वाटलं, माझी कापणी बघताहेत. मला बरं वाटलं. जुनं त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं.

जीप चालू झाली त्या दिवशी गॅरेज भरलेलं होतं. काठी गावच्या होळीला जाणारी माणसं जीपमध्ये आधीच बसली होती, ढोल मांडीवर घेऊन. कोणी चहाला जायला तयार नव्हतं. मी पडद्याआड वाट बघत राहिले. यंत्राने कोड दाखवला नाही, दिवाही लागला नाही. चाचांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मी बाहेर यायला हवं होतं. दहा-बारा पुरुष उभे होते, मी आले नाही. मग चाचांनी स्वतःच पेचकस लावला, डोळे मिटले, हात वर केला. सगळे गप्प झाले. चाचांनी ठीक आहे म्हणून मान हलवली आणि जीप गेली.

मोलगीच्या घाटात इंजिन बंद पडलं. सायसिंगभाऊने हाताचा ब्रेक ओढून चाकाला दगड लावले म्हणून कोणाला काही झालं नाही. माणसं ढोल घेऊन पायी गेली. जीप ओढून परत आमच्या दारात आली.

नंदुरबारहून नव्या गाड्यांचा एक मिस्त्री बोलावला. त्याने सगळ्यांसमोर इंजिन उघडलं. पिस्टन वर हेडला आपटून फुटला होता. त्याने पॅकिंग हातात घेतलं आणि कडेची जीभ दाखवली. या गाडीचं पॅकिंग तीन जाडींत येतं, एक भोक म्हणजे पातळ, तीन भोकं म्हणजे जाड, हे एका भोकाचं आहे, म्हणून पिस्टनला वर जागा उरली नाही, असं तो म्हणाला. जुन्यावर किती भोकं होती ते बघितलं नाही का, जुनं कुठे आहे, असं त्याने विचारलं.

माझ्या हातात शिवण होतं. केरात टाकलेली ती तीन भोकं मला तेव्हा दिसली.

चाचा आत आले. भिंतीवरचं जुनं पॅकिंग त्यांनी काढलं, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ते तेलाच्या पिंपामागे सरकवून दिलं. पडद्याकडे बघितलं नाही. बाहेर जाऊन म्हणाले, "फेकी दिन्हं."

सायसिंगभाऊ चिडला नव्हता, गोंधळला होता. म्हणाला, "पन चाचा, तुम्ही कान लायेल व्हता. पिस्टन ठोकत व्हता, मंग आयकू कसं नही उनं?"

चाचा त्याच्याकडे वळले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मन्हा कान गया, भाऊ. दोन वरीस व्हयी ग्यात. मी नुस्ता पेचकस धरस. चूक मन्ही शे."

मग मागून एक ट्रकवाला म्हणाला, "म्हंजे दोन वरीस आम्ही उगाच गप्प उभा ऱ्हायनूत?" लोक हसले. चाचाही हसले. मी पडद्यापर्यंत गेले होते. पडद्याची कड हातात धरली होती. बाहेर जायचं आणि म्हणायचं, जीभ मी कापली. एवढंच. मी पडदा सोडून दिला आणि मशीनवर येऊन बसले.

सायसिंगभाऊचं इंजिन होईपर्यंत चाचांनी आपली जुनी जीप त्याला चालवायला दिली. त्यांच्याकडे इंजिनं येणं बंद झालं. पुढच्या वळणावर नवं गॅरेज निघालं होतं, लोक तिकडे जायला लागले. चाचा खाटेवर बसून रस्त्याकडे बघायचे. कधीतरी एखाद्या मोटारसायकलचं कागदी पॅकिंग लागलं तर पडद्यावरून कोरा तुकडा यायचा. "सुमनबेन, कापी दे." आवाज पहिल्यासारखाच. त्यांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सुटले असते मी.

पावसाळ्यानंतर मुलगी आणि जावई त्यांना नवापूरला न्यायला आले. टेम्पोत पाने, हातोड्या, खाट असं सगळं चढलं. चाचा पडद्याजवळ आले. मी बाहेर गेले, पदर सावरला आणि खाली बघत सांगितलं की चाचा, ती जीभ मीच कापली होती. टेम्पो चालू होता. चाचा वाकले, म्हणाले, "जोरमा बोल, बेटी."

मी वर पाहिलं. मागे जावई उभा होता, चहावाला होता, पाच-सहा ड्रायव्हर होते, सायसिंगभाऊही आला होता. चाचांनी डोळे मिटले आणि हात वर केला. पूर्वीसारखाच. सगळे गप्प झाले. जावयाने टेम्पो बंद केला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि चाचांचा कान माझ्या तोंडासमोर होता.

मी म्हटलं, "सांभाळीसन जा, चाचा."

ते मान हलवून हसले. ते त्यांना ऐकू आलं होतं.

चार महिन्यांनी नवापूरला ते वारले. इथे बातमी आली तेव्हा मी ब्लाऊजला काजं करत होते.

हे मी लिहून ठेवते आहे, पण ते असते तरी त्यांना वाचता आलं नसतं. वही तीच आहे, कोडांची. सायसिंगभाऊची जीप गेली त्या दिवसाची ओळ मी माझ्या हाताने लिहिली होती आणि अजून खोडलेली नाही: कोड नाही. आवाज बरोबर. त्याच्याखाली जागा होती, तिथूनच मी हे लिहायला सुरुवात केली.