लहान पुली आणि समईतलं तेल

पत्रूभाऊ माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्यांशी थेट बोलत नाही. या घरात येऊन मला एकोणीस वर्षं झाली, पण जे काही बोलायचं ते सासूबाईंना मध्ये घेऊन. सासूबाईंना मी मामी म्हणते; नाव सुगंधाबाई. मी म्हणायचं, "मामी, भाऊजींना सांगा, ताट वाढलं." भाऊजी समोरच बसलेले असायचे. ते म्हणायचे, "माय, तिले सांग, येतो."

एटापल्लीच्या अलीकडे आमची धान कांडायची मिल आहे. पत्रूभाऊ चौथीपर्यंत शिकले, पण पुली आणि पट्टा यांतलं त्यांना न कळणारं काही नाही. लहान पुली पळते, मोठी पुली ओढते, हा त्यांचा एकच नियम, आणि तो ते माणसांनाही लावतात. शेजारच्या नव्या जोडप्याचं भांडण मिटवायला गेले आणि म्हणाले, "दोघंही लहान पुल्या हाव. एकानं मोठं व्हा लागन." भांडण मिटलं नाही, पण दोघंही आजवर तेच सांगून हसतात.

पावसाळ्यात मिलचा पट्टा घसरायला लागला की पत्रूभाऊ त्यावर चिमूटभर राळ टाकतात. राळ चिकट असते, पट्टा पकडतो. तीच राळ मी निखाऱ्यावर घालून देवाला धूप दाखवते. डबा एकच, तो देवघरात असतो.

पत्रूभाऊंनी जुनी जीप घेतली तेव्हा मामींनी टेकडीवरच्या देवीला, डोंगरमायला, नवस बोलला. पोराची गाडी सात सवाष्णी घेऊन टेकडी चढली की त्याच गाडीत बसून, पाय जमिनीला न लावता, दर्शन घेईन. तिची यात्रा चैत्रात भरते. पुढे दोन चैत्र गेले. दोन्ही वेळा जीप शेवटच्या चढावर धापा टाकत थांबली. सवाष्णींनी उतरून ती ढकलली असती, पण त्या उतरल्या की नवस मोडला. पोरं म्हणाली, आजी, खांद्यावर नेतो. मामी म्हणाल्या, "खांद्यावर मी एकदाच जाईन." गाडी उलटी खाली आली.

यंदा होळीनंतर त्या म्हणाल्या, "तिसऱ्या खेपेले नाई चढली त मी येतच नाई पुन्हा. नवस डोक्यावर घेऊनच जाईन."

पत्रूभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "माय, इंजिन खराब नाई. त्याले हवा कमी पडून राह्यली."

चंद्रपूरला मामींच्या डोळ्याचं काम होतं. मी सोबत होते. दवाखान्यातून पत्रूभाऊंनी आम्हाला सरळ हेमराजच्या भंगाराच्या दुकानात नेलं. तिथे कुण्या परदेशी मोटारीचा सुपरचार्जर पडला होता. पट्ट्यावर फिरणारा लोखंडी ठोकळा, इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबतो म्हणे. दोन पोते जय श्रीराम जातीच्या तांदळावर सौदा झाला.

"हे डब्बं पुन्या-मुंबईचे लोक शर्यतीसाठी लावतात," हेमराज म्हणाला. "तुमाले कायले पायजे, भाऊ?"

"बुढीले देवीकडे न्याचं हाय."

हेमराजनं मामींकडे पाहिलं. मामींनी मान हलवली. तो गल्ल्यावरून उठला आणि मग मनापासून सांगू लागला. याचं तेल वेगळं, इंजिनाचं तेल यात जात नाही. आणि पुली नीट निवडा. लहान घेतली तर हवा भरपूर, पण पट्टा घसरतो. मोठी घेतली तर पट्टा टिकतो, पण हवा नाही. बोल्ट डोक्यावर आकडे असलेलेच लावा. "साधे लावले त पुली सुटून जंगलात जाईन. एखाद्या वाघाले लागली म्हणजे फॉरेस्टवाले तुमाले धरतीन."

पत्रूभाऊंनी आकडेवाले बोल्ट घेतले. पुल्या मात्र त्यांनी घरी आणून ओसरीवर मांडल्या. एक वरोऱ्याच्या बंद जिनिंगमधली, एक आमच्या मिलची, एक उसाच्या रसाच्या गाडीची. चार दिवस येता-जाता ते त्या फिरवून पाहत. शेवटी रसाच्या गाडीची घेतली, सगळ्यात लहान. लेथवर भोक वाढवून आणलं.

तेलाचं ऐकून ते थांबणारे नव्हते. हेमराजनं दिलेली बाटली पाव लिटरचीही नव्हती, म्हणून त्यांना भरवसा येईना. माझा भाकरीचा तवा चुलीवर ठेवला आणि एकेक तेल थेंबथेंब टाकून पाहिलं. इंजिनाच्या तेलाचा धूर झाला. गिअरच्या तेलाला असा वास सुटला की बकऱ्या उठून गेल्या. मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल तडतडलं. जवसाचा डिंक झाला. बाटलीतलं तेल तेवढं गप्प बसून राहिलं.

"ज्याले राग येत नाई, थे तेल आपलं," पत्रूभाऊ म्हणाले. पुढचे आठ दिवस आम्ही गिअरच्या वासाची भाकर खाल्ली.

घात झाला तो यात्रेच्या आदल्या सकाळी. आमच्या घरात कोणतंही तेल आलं की पहिली पळी देवाच्या समईत जाते. पत्रूभाऊ पाना आणायला मिलवर गेले, तेवढ्यात मामींनी बाटली उघडून मोठी पळीभर तेल समईत ओतलं. ठोकळ्यात तेल भरून झालं तेव्हा ते खुणेच्या खाली राहिलं.

"माय, कमी काऊन आहे?"

"देवाले दिलं."

पत्रूभाऊंनी देवघरात जाऊन समईत वाकून पाहिलं. मग गुरांच्या इंजेक्शनची सुई आणली, हात जोडले, म्हणाले, "उसनं नेतो. वर गेल्यावर परत करतो." समईतलं तेल ओढून घेतलं, माझ्या चहाच्या फडक्यातून गाळलं आणि ठोकळ्यात भरलं. वात पिळायचं मात्र त्यांनी टाळलं, ते मला आवडलं.

यात्रेच्या सकाळी आम्ही सात सवाष्णी आणि मामी जीपमध्ये दाटीनं बसलो. गाडीला एक नवी शीळ लागली होती, चहाच्या किटलीसारखी. खालचा रस्ता तिनं असा ओढला की दिव्यानी, माझी जाऊ, नारळ धरता धरता माझ्या मांडीवर आली. पण शेवटच्या चढावर, मागच्या दोन्ही वर्षी जिथे थांबली तिथेच, शीळ चिरकली आणि बंद पडली. पट्टा लहान पुलीवरून घसरत होता. गाडी मागे सरकू लागली. पत्रूभाऊंनी ब्रेक लावला, उतरून चाकाला दगड लावले आणि बोनट उघडलं.

"राळ घरीच राह्यली," ते बोनटकडे पाहून म्हणाले.

मामी डोळे मिटून जप करत होत्या. त्यांच्याशिवाय मध्ये घेण्याजोगं कोणी नव्हतं. मी डोईवरचा पदर पुढे घेतला आणि मीही बोनटकडेच पाहून म्हणाले, "पूजेच्या ताटात आहे."

"दे," ते बोनटला म्हणाले.

एकोणीस वर्षांत आमचं बोलणं झालं ते एवढंच. पण ती राळ देवीच्या धुपाची होती, म्हणून दोघांचेही हात थांबले. मामींनी डोळे न उघडता सांगितलं, "टाका. धूर वरच जाते."

पत्रूभाऊंनी मूठभर राळ पट्ट्यावर शिंपडली. शीळ पुन्हा सुरू झाली, पट्ट्यानं पुली धरली आणि बोनटच्या फटींतून धुपाचा पांढरा लोट निघाला. आम्ही चढ चढून वर पोचलो तेव्हा रांगेतल्या लोकांनी वाट सोडली आणि जीपला हात जोडले. एका बाईनं बोनटला कुंकू लावलं. चटका बसला तरी पुन्हा लावलं.

गाडीत बसूनच मामींनी दर्शन घेतलं. आम्ही सातजणींनी ओटी भरली. मग मामी म्हणाल्या, "पत्रू, तेल."

त्यांनी ठोकळ्याचा स्क्रू उघडून सुईनं पळीभर तेल काढलं आणि देवीच्या दिव्यात घातलं. इसरू पुजाऱ्यानं तीन काड्या ओढल्या. वात काही पेटेना.

"कायचं तेल होय हे?"

"याले राग येत नाई," पत्रूभाऊ म्हणाले.

मामी म्हणाल्या, "असू दे. आपण परत केलं. पेटवाचं का नाई, थे तिच्या मर्जीवर."

आणि त्या जीपमधून उतरल्या. नवस फिटला होता, पाय टेकवायला आता हरकत नव्हती. पत्रूभाऊंनी दार धरून ठेवलं. "माय, बस ना. खाली जाचं हाय."

"चढाचा नवस होता. उताराचा मी बोलली नवती."

असं म्हणून त्या चालू लागल्या, मागून आम्ही सातजणी. पत्रूभाऊ रिकामी जीप घेऊन आमच्या मागे, आमच्या चालीनं, टेकडी उतरत होते. लहान पुली पळते, पण त्या दिवशी तिला मामींच्या पायांच्या वेगानं फिरावं लागलं.