आईला न पटलेला सिनेमा

कृपया माझ्या आईला त्यागमूर्ती म्हणू नका. तिला राग येईल.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून तसलेच मेसेज येताहेत, म्हणून लिहितेय.

ती आमच्याकडे सिंगापूरला, पासिर रिसमध्ये राहायला आली होती तेव्हाची गोष्ट. रविवारी दुपारी मी लायब्ररीतली एक व्हीसीडी लावली. फार जुना हॉलिवूडचा मूकपट. मध्येमध्ये इंग्रजी पाट्या यायच्या, त्या माझी लेक सई आजीला मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची.

गरीब आई मुलीचं भलं व्हावं म्हणून तिला श्रीमंतांच्या हाती सोपवते. पुढे आजारी पडते, पण मुलीला कळवत नाही.
मुलगी येते तोवर सगळं संपलेलं.

मी रडतेय. सई रडतेय.
आई लिटिल इंडियातून आणलेली मेथी निवडत बसलेली. डोळे कोरडे ठणठणीत.

"काय मूर्ख बाई आहे! पोरीला एक निरोप धाडायला काय झालं होतं? ही मरून मोठी झाली, आणि पोरगी बसली जन्मभर रडत."

"आजी, शी सॅक्रिफाइस फॉर हर, लाह!"

"असू दे. कळवायचं होतं."

मागच्या वर्षी पुण्यात आईला कॅन्सर निघाला. शेवटची स्टेज.
आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. परदेशातल्यांना सांगायचं नाही, उगाच काळजी करतात.
दादा-वहिनीने ठरवलं, सईची पीएसएलई आहे, सहावीची मोठी परीक्षा. ती होऊ दे, मग सांगू.
मी फोन केला की "आई झोपलीय", नाहीतर "देवळात गेलीय". मला खरंच वाटायचं.

एका सकाळी ऑफिसला जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मोबाइल वाजला. आई.

"हे बघ, हे लोक तुला सांगणार नाहीत. मी आता फार दिवसांची नाही. मी काही त्या सिनेमातली बाई नाही. मला तू हवी आहेस. ये."

मग नेहमीच्या हुकमी आवाजात, "सईची परीक्षा तिचा बाप बघेल."

पुढच्याच स्टेशनला उतरले आणि पासपोर्ट घ्यायला उलटी गाडी पकडली.

काही आठवडे मिळाले. तिची वेणी घातली, पाय चेपले. आमटीत हिंग कमी म्हणून बोलणी खाल्ली. परीक्षा आटोपून सई आली, तिलाही आजी भेटली.
आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता.

दादा अजून म्हणतो, तुला उगाच धावपळ करायला लावली तिने.
नाही रे दादा.

आई, बोलावलंस ते फार बरं केलंस.
नमस्कार करते.