दुसरी साक्ष

बी.ए.ला असताना आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी मला ग्वाल्हेरातल्या प्लेगवर निबंध लिहायला सांगितला. पुस्तकातून उतरवलेलं नको, ज्यांनी प्लेग पाहिला त्यांना विचारून लिहा, म्हणाले. वर एक अट घातली. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट घ्यायची नाही. दुसऱ्याने, पहिल्याचं बोलणं न ऐकता, तेच सांगितलं तरच ती निबंधात. मला राग आला. म्हाताऱ्या माणसांच्या दारात काय पोलिसासारखं जाऊन उभं राहायचं?

पहिल्यांदा गेले ती जयेंद्रगंजात आमच्याच गल्लीत राहणाऱ्या काकूंकडे. डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यांच्याबद्दल सगळे म्हणत, कारण बोलता बोलता त्या मधेच थांबत आणि आतल्या खोलीकडे बघत राहत. आई म्हणाली, "तुला दुसरं कुणी मिळालं नाही का गं?" मी हट्टी. गेलेच.

काकूंनी सगळं इतकं सरळ सांगितलं की मीच ओशाळले. घरात उंदीर मरून पडले. लोक गावाबाहेर झोपड्यांत राहायला निघाले. काकूंच्या सासूबाईंना ताप होता, काखेत गाठ आलेली. बैलगाडी दाराशी उभी होती. नवरा आतून आला आणि म्हणाला, "आई गेली. चला, माणसं पाठवून पुढचं करू." त्याने दाराला कुलूप लावलं. काकू गाडीत बसल्या, आणि आतून हाक आली, "सूनबाई."

"मी म्हटलं, अहो, सासूबाई बोलावतायत. हे म्हणाले, भास आहे तुझा. मरेपर्यंत तेच म्हणाले." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ती हाक अजून येते, बेटा. रोज नाही. पण येते."

भर दुपार होती, गल्लीत भाजीवाला ओरडत होता, तरी माझ्या अंगावर काटा आला.

मी चाचरत दुसऱ्या साक्षीची अट सांगितली. "माझे धाकटे दीर आहेत, कंपू मोहल्ल्यात," त्या म्हणाल्या. "तेव्हा लहान होते, गाडीत माझ्या शेजारीच बसलेले. इतक्या वर्षांत विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनी ऐकलं नसेल, तर मी वेडी. ऐकलं असेल, तर आम्ही जित्या माणसाला कोंडून गेलो. पण तू जाणारच आहेस, तर विचारून ये. आता मला कळायलाच हवं."

दीर रिसाल्यातून निवृत्त झालेले, बोलणं अर्धं हिंदी. झोपड्या, थंडी, गावात परतल्यावरची सामसूम, सगळं रंगवून सांगत होते. हाकेचं नाव नाही. काकूंनी सांगितलेलं काही बोलायचं नव्हतं, म्हणून मी एवढंच विचारलं, "घर सोडलं तेव्हाचं काही आठवतं?"

त्यांचा मिशीवरचा हात खाली आला. "आई ने आवाज दी थी," ते म्हणाले. मग मराठीत, अगदी हळू, "वहिनीला हाक मारली. दादाने माझा हात दाबला. नंतर म्हणाला, वहिनीने विचारलं तर काही ऐकलं नाही म्हणून सांग. तिने कधी विचारलंच नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. "तिने नव्हतं ना ऐकलं, बेटी?"

मी मान खाली घालून वही मिटली. ते काय समजायचं ते समजले आणि तोंड फिरवून बसले.

परतताना टांग्यात मला सगळ्यांचाच संताप आला होता, प्राध्यापकांचा, त्या दादाचा, माझा स्वतःचा. दोन साक्षी जुळल्या होत्या. काकूंना खोटंच सांगायचं, असं मी पक्कं ठरवलं. पण काकू दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"त्यांनीही ऐकली होती," मी म्हणाले.

काकू रडल्या नाहीत. "म्हणजे मी वेडी नाही," असं म्हणाल्या, पण त्यात आनंद नव्हता. मग माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "भास म्हणून मी कधी ओ दिली नाही. बिचाऱ्या किती वर्षं हाका मारतायत."

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, आतल्या अंधाऱ्या खोलीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आले हो, सासूबाई."