बाहेर बसायची जागा

"चाळीस वर्षं भट्टीपुढं काढलीत मी! लोखंडाचा रस ओतलाय या हातांनी, आणि तू मला ऊन दावतोस व्हय रं?"

कट्ट्यावर बसून आबा, म्हणजे माझे वडील, ओरडत होते. मे महिना, संध्याकाळचे पाच. "आबा, आत चला की, चटका बसतोय," एवढंच मी म्हणालो होतो. त्यांचा आवाज असा, की हायवेवरच्या ट्रकवाल्यांनीही ब्रेक मारला असेल.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत आबा भट्टीवर होते. रिटायर झाल्यापासून त्यांचं काम एकच: पाचला कट्ट्यावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय पावणं, कुठनं आलासा?" म्हणून अडवायचं आणि दिवेलागणीला उठायचं. कट्ट्यावर कडुलिंबाची सावली असायची. आई चारला सडा टाकायची, माती पाणी प्यायची आणि पाचपर्यंत अशी गार पडायची, की आबांना मे महिन्यात कानटोपी लागायची. कानटोपी माझ्या पदरची. गारवा खरा.

दिवाळीनंतर गल्लीनं ठरवलं, चिखल बास झाला, पेव्हर ब्लॉक घालू. गल्लीनं ठरवलं, असं मी सगळ्यांना सांगतो. मीटिंगमध्ये सगळ्यात मोठा गळा माझाच होता. लिंबही मीच पाडायला लावला. पाखरं माझ्या नव्या गाडीवर घाण करायची. कारण मात्र 'मुळं ब्लॉक उचलतील' असं दिलं आणि वर टाळ्या घेतल्या. आबा त्या दिवशी आरा थांबेपर्यंत कट्ट्यावर बसून राहिले.

उन्हाळा आला. ब्लॉक असे तापले, की कावळे एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागले. एका दुपारी माझी चप्पल दारातच वितळली, तिचा अंगठा तेवढा हाती लागला. समोरच्या भिंती दिवसभर ऊन गिळायच्या आणि संध्याकाळी आमच्या तोंडावर ओकायच्या. आईनं सवयीनं सडा टाकला, तर निम्मं पाणी गटारात पळालं आणि उरलेल्याची वाफ झाली. गल्ली म्हणजे इडलीचं भांडं. आबांचे दोस्त एकेक करत यायचे थांबले. आबा मात्र रोज पाचला बसायचेच.

मी आत चला म्हटलं त्या दिवशी, ओरडून झाल्यावर ते माझ्यावर हात उगारून उठले. तोच हात भिंत धरायला गेला आणि भिंतीपर्यंत पोचलाच नाही. मी उचललं तेव्हा अंग तव्यासारखं पोळत होतं. यात मी काडीचंही वाढवून सांगत नाही.

दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, बाहेर बसणं बंद.

मी आपला स्वतःला सोडवायला बघत होतो. म्हटलं, "आबा, फौंड्रीत यापेक्षा जास्त तापायचं की. तिथं कधी पडला न्हाय तुम्ही."

आबा छताकडं बघत म्हणाले, "तिथं ओतकाम झालं की बाहेर यायचो. गेटजवळ झाड होतं. धा मिनटं बसलं की अंग निवायचं. बाहेर गार हाय म्हणून भट्टी सोसायची."

घरी आल्यावर मी पहार घेतली. कट्ट्याजवळचे चार ब्लॉक उपसले आणि लिंबाचं वीतभर रोप आणलं. समोरचा शेजारी गॅलरीतून बघतच होता. "काय हो, आता मुळं ब्लॉक उचलत न्हाईत व्हय?" त्यावर गल्लीभर हशा. मीही हसलो. हसण्यावारी नेणं मला चांगलं जमतं.

मग दारातूनच मोठ्यानं ओरडलो, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, "आबा, हितंच लिंब लावतोय! बघता बघता सावली पडंल. परत बसा की कट्ट्यावर!"

आबा आत फॅनखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत भिंतीकडं तोंड करून बसले होते. वळलेही नाहीत.

"लाव की," ते म्हणाले. "मी आत बसतो."