शरयूने अर्धाच व्हिडिओ पाहिला

शरयू माझी धाकटी जाऊ. गढ्यात, म्हणजे आमच्या हिंदी बोलणाऱ्या मोहल्ल्यात, आमची दोन घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी आहेत. तिच्या कुकरची शिट्टी ऐकून मी आपला गॅस बंद करते, इतकं जवळ. शाळा दोघींचीही बेताचीच. फरक एवढाच, की जेवढं शिकले तेवढ्यावर मी भागवलं आणि ही बाई अजून उपाशीच आहे. साठी उलटल्यावर सायकल शिकायला गेली आणि नालीत पडून आली. कपाळावर खूण आहे. विचारलं तर म्हणते, "ब्रेक शिकायचा राहिला होता, ताई."

मागच्या वर्षी तिच्या नातीने, दुर्वाने, तिला व्हॉट्सॲप शिकवलं. दुर्वाला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. "आजी, ये माइक दबा के रखो, बोलो, फिर छोड़ दो." झालं! लिहिण्याची कटकट नाही, नुसतं बोलायचं. त्या दिवसापासून शरयू मला भिंतीपलीकडून हाक मारेनाशी झाली. "ताई, कढीपत्ता आहे का?" असा फोनवर आवाज पाठवायची आणि मी तो ऐकला की नाही ते विचारायला स्वतःच दारात यायची.

मग ती गल्लीच्या ग्रुपमध्ये शिरली. रोज सकाळी, "राम-राम, मैं शरयू काकी. आज चतुर्थी है, और नल आज देर से आएगा." लोकांना सवयच लागली. भाजीवाल्यापासून बँकवाल्यापर्यंत सगळे तिचं ऐकू लागले. मी म्हटलं, "शरयू, तू तर आकाशवाणी झालीस."

"जळून राहिल्या तुम्ही," ती म्हणाली. थोडी जळत होतेही.

दिवाळी जवळ आली होती. घरोघर कपाटं उपसणं चालू होतं. नागपूरहून तिच्या मामेभावाने, अंबादासने, एक व्हिडिओ पाठवला. एक बाई, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. लोक तिला अडवतात, गाठोडं सोडतात, आत झोपलेलं लेकरू. मागून एक माणूस मराठीत ओरडतो, "पाहा, भांडी विकायच्या बहाण्याने पोरं पळवून राहिल्या ह्या बाया!"

शरयूच्या अंगावर काटा आला. आपल्या भाषेत बोलणारा, आपल्या नागपूरकडचा माणूस. तो खोटं काहून बोलेल? पुढचं पाहायला ती थांबलीच नाही. व्हिडिओ ग्रुपवर टाकला. पण तिथे मराठी कोणाला येते? म्हणून माइक दाबला आणि हिंदीत सगळं समजावून सांगितलं. "मैं शरयू काकी. इसमें बोल रहे हैं कि बर्तनवाली औरतें बच्चे उठाती हैं. अपने-अपने बच्चे सँभालो, भैया."

किती अंगठे आले, किती हात जोडलेले आले! ती सगळे मला दाखवत बसली. मीही पाहत बसले. खोटं काय सांगू, मलाही खरंच वाटलं होतं.

मग एका दुपारी गल्लीत आरडाओरडा झाला. कोणीतरी धावत गेलं, "पकड़ी गई! बच्चा चोर पकड़ी गई!"

शरयू भाजी निवडत होती. क्षणभर तिचा चेहरा उजळला. "पाहा ताई, मी सांगितलं म्हणून सापडली." पदर खोचून ती निघाली, मी मागे. दुर्वा चपला न घालताच पुढे पळाली.

मोहन भैयाच्या किराणा दुकानासमोर गर्दी होती. मध्ये भिंतीला पाठ लावून फूलाबाई. आमची फूलाबाई, जी दुर्वाच्या जन्माआधीपासून आमच्या जुन्या साड्या नेऊन डबे-पातेली देते आणि प्रत्येक साडीला नाक मुरडते. तिचा ओठ फुटला होता. टोपली उलटी पडली होती. गाठोडं तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि आमच्या गल्लीतला अनुपम ते ओढत होता. अनुपम वाईट मुलगा नाही. त्याची पोरगी लहान आहे, नुकतीच बालवाडीत जाऊ लागली. तो घाबरला होता आणि हातात काठी होती.

शरयू गर्दीत घुसली. "अरे छोड़ो! ये तो अपनी फूलाबाई है!"

"काकी, आप हटो," अनुपम म्हणाला. "आप ही ने तो बताया था."

"मैंने इसका नाम थोड़ी लिया था!"

त्याने खिशातून फोन काढला आणि तिचाच आवाज तिला ऐकवला. 'बर्तनवाली औरतें बच्चे उठाती हैं. अपने-अपने बच्चे सँभालो, भैया.' लोक म्हणाले, "हाँ, सही तो है." आता ती समोर काय बोलते त्याला किंमतच उरली नाही. दुर्वा दुकानाच्या पायरीवरून पोलिसांना फोन लावत होती. पण ते येईपर्यंत काय होईल, ते काठ्यांकडे पाहून कळत होतं. मागून कोणी म्हणालं, "पहले गठरी खोलो." कोणी म्हणालं, "पहले दो लगाओ."

शरयूने आपला फोन काढला. त्या व्हिडिओतली बाई वेगळी आहे, एवढंच तिला दाखवायचं होतं. घाईत थांबवायचा कसा ते सुचेना, आणि व्हिडिओ पुढे चालत राहिला. तिने कधी न पाहिलेला भाग. ओरडणारा माणूस एकदम हसला आणि मराठीत म्हणाला, "थांबा, थांबा. बाई, तुम्ही रडताना हसून राहिल्या. चला, पुन्हा एकदा घेऊ."

नाटक होतं. सगळं ठरवून केलेलं.

शरयूने माझ्याकडे पाहिलं. त्या गर्दीत ते समजणाऱ्या आम्ही दोघी आणि पायरीवरची दुर्वा.

"सुनो, ये झूठा है! वो बोल रहा है, फिर से करो!"

"अब बचाने के लिए बोल रही हैं," मागून आवाज आला. दोघं-तिघं हसले. अनुपमने गाठोड्याला असा हिसका दिला की फूलाबाई गुडघ्यावर आली.

मला वाटलं, शरयू आता रडेल. ती रडली नाही. तिथेच, फूलाबाईच्या पुढे आडवी येऊन, तिने माइक दाबला.

"मैं शरयू काकी. उस दिन मैंने वीडियो आधा देखा और आधा बताया. ग़लती मेरी है. आख़िर में आदमी हँस के बोलता है, तुम रोते-रोते हँस रही हो, फिर से करेंगे. ये नाटक है. और यहाँ मोहन भैया की दुकान पर अपनी फूलाबाई को मार रहे हैं. जिसने इससे एक भी डब्बा लिया हो, बाहर आओ. अभी."

सोडलं. खिशाखिशातले फोन टुणटुणले. सवयीनेच लोकांनी ते काढले आणि कानाला लावले. समोर उभ्या म्हातारीचं कोणी ऐकत नव्हतं, फोनमधल्या म्हातारीचं मात्र सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आणि घराघरांतही ऐकू गेलं. पहिल्यांदा अनुपमची बायको आली, पोरीला कडेवर घेऊन. मग समोरची, मग कोपऱ्यावरची. बाया नुसत्या येऊन उभ्या राहिल्या. काठी धरलेले हात खाली आले. पोलीस आले तेव्हा अर्धी गर्दी दुकानात साबण पाहत होती.

फूलाबाईने शरयूच्या हातचं पाणी घेतलं नाही. टोपलीत हाताला आलं तेवढं गोळा केलं आणि निघून गेली.

घरचे सगळे म्हणाले, फोन काढून घ्या. मीही तेच म्हणाले. शरयू दोन दिवस जेवली नाही धड. मग दुर्वाला समोर बसवलं. "आता नीट शिकव. व्हिडिओ खरा की खोटा ते कसं पाहायचं, जुना कसा ओळखायचा, पाठवलेलं परत कसं घ्यायचं. सगळं."

"आजी, रहने दो न अब."

"काहून? अर्धं येत होतं म्हणून तर झालं हे."

शिकली. आणि मग मला व दुर्वाला घेऊन फूलाबाईच्या वस्तीवर गेली. फूलाबाई दारातच बसली होती. आत या म्हणाली नाही.

"क्या बोला था मेरे बारे में? सुनाओ."

शरयूने पहिला आवाज ऐकवला. मग दुसरा. फूलाबाईने पहिला परत लावायला सांगितला. तो परत ऐकताना शरयूची मान जी खाली गेली ती वर येईना.

"मैं भी बोल सकती हूँ इसमें? सब सुनेंगे?"

शरयूने फोन तिच्या हातात दिला, तिचा अंगठा धरून माइकवर ठेवला. "दबा के रखो. बोलो. फिर छोड़ दो."

"मैं फूलाबाई," ती एवढ्या जोरात बोलली की शेजारची कोंबडी उडाली. "परसों आऊँगी. साड़ियाँ निकाल के रखना, फटी नहीं चलेगी. और मेरी बड़ी वाली कड़ाही वहीं रह गई. जिसके पास है, समझ ले."

ग्रुपवर सगळ्यांनी ऐकल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या. उत्तर एकही नव्हतं.

ठरल्या दिवशी सकाळपासून शरयू दारात बसली. मी तिच्याशेजारी. ऊन चढलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी हाक आली, "बर्तन ले लो!" एकही दार उघडेना. फूलाबाई मोहन भैयाच्या दुकानापाशी आली आणि थांबली. शरयूने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मग अनुपमचं दार उघडलं. तो कढई घेऊन आला, मान खाली. फूलाबाईने कढई घेतली, उलटी केली, बुड पाहिलं, आणि टोपलीत ठेवली.

"साड़ी कितनी हैं, वो बताओ," ती म्हणाली.